ग्लिनच्या जागेवर

या, असं जरा अलीकडे सरकून बसा. त्या टोकाला बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या गावात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एमलिन प्रॉसरची ही गोष्ट. टीव्हीवरच्या प्रश्नस्पर्धेत भाग घ्यायला तो कार्डिफला गेला, तोंडाला पावडर लावून दिवसभर बसला, आणि परत आला. त्याला टीव्हीवर कुणी पाहिलं नाही. पण त्या दिवशी त्याच्या मनात जे चाललं होतं ते मला पुढे त्याच्याच तोंडून थोडं थोडं कळलं, उरलेलं मी त्याच्या शेजारी बसून ओळखलं. आणि गोष्टीत एक प्रवचन आहे, म्हणून तर मी ती सांगायला बसलो.

एमलिन राखीव होता. ‘मधली खुर्ची’ या स्पर्धेत तीन माणसं तीन खुर्च्यांवर बसतात, जो जिंकतो तो पुढच्या भागात मधल्या खुर्चीवर बसतो, हरणारे घरी जातात. एका दिवसात बरेच भाग उरकून घेतात, म्हणून प्रत्येकानं दोन-तीन साधे, रेघा नसलेले शर्ट आणायचे. शर्ट बदलला की बघणाऱ्याला वाटतं आठवडा गेला. आणि ऐन वेळी कुणाला चक्कर आली, कुणाची गाडी चुकली, तर खुर्ची रिकामी राहू नये म्हणून एक माणूस मागच्या खोलीत तयार ठेवतात. त्याच्याही तोंडाला पावडर लागते, त्याच्याही कॉलरला ते बोटभर माइक अडकवतात. त्या दिवशी हा माणूस एमलिन होता आणि तो या वर्षीच्या चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. आज खुर्ची मिळाली तर मिळाली. खोलीत कोमट चहा होता, तेलकट कागदात गुंडाळलेले सँडविच होते, आणि भिंतीवर एक पडदा होता ज्यावर त्याला ग्लिन दिसत होता. ग्लिन हॅरी, आमच्याच गावचा, खिळे-कुलपं-रंगाच्या दुकानाचा मालक, एमलिनचा बालपणापासूनचा मित्र. दोघं एकत्र निवड-चाचणीला गेले होते. ग्लिनला खुर्ची मिळाली, एमलिनला मागची खोली. पहिला भाग ग्लिन जिंकला होता तेव्हा एमलिननं टाळ्या वाजवल्या होत्या, खोलीत एकटाच असूनही, जरा मोठ्यानंच. दुसऱ्या भागात सूत्रसंचालकानं विचारलं, खाणं, पिणं, झोपणं सगळं उडता उडता करणारा पक्षी कोणता? एमलिनच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ग्लिननं बटण दाबलं. “पाकोळी,” ग्लिन म्हणाला. बरोबर म्हणून घंटा वाजली. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, तो आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, “ती टेकते फक्त घरासाठी.”

एमलिनच्या हातातला चहा हलला नाही. आत मात्र काहीतरी असं सरकलं की जणू डोळ्यांच्या चाचणीच्या चौकटीत चुकीचं भिंग बसावं आणि समोरची अक्षरं एकदम दुहेरी व्हावीत. ते वाक्य नेस्ताचं होतं. नेस्ताचं, त्याच्या बायकोचं, जिला जाऊन दोन हिवाळे झाले होते. रविवारची संध्याकाळ होती, ती चॅपलमधून, गावच्या प्रार्थनाघरातून, आली होती, अंगातला पावसाळी कोट न काढताच मागून येऊन तिनं आपले गार हात त्याच्या मानेवर ठेवले होते. टीव्हीवर हीच स्पर्धा चालू होती. ही स्पर्धा नेमकी चॅपलच्या वेळेलाच लागते. “किती बरोबर आली?” तिनं विचारलं होतं. नेहमी आधी हेच विचारायची. मग म्हणाली, “पाकोळी आहे ना, ती जन्मभर हवेत असते. ती टेकते फक्त घरासाठी.” एवढंच. तो वळून काही बोलणार तर ती स्वयंपाकघरात गेलीही होती, आणि तिथून ती काहीतरी म्हणाली तेव्हा केटलीच्या शिट्टीत तिचा आवाज जरा जाड झाल्यासारखा वाटला होता. तो आवाज त्यानं जपून ठेवला होता. त्याला वाटलं होतं, हे तिनं त्याच्यासाठी रचलं, त्याच्या मानेवर हात ठेवल्यावर तिला सुचलं. त्या वाक्याला गार बोटं होती. आणि आता ते वाक्य दिव्यांच्या झगमगाटात ग्लिनच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिनं त्याला कधी सांगितलं असेल? दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत प्रश्नमंजुषा व्हायची, टेबलाटेबलांमध्ये. एमलिन, नेस्ता आणि ग्लिन हे एक टेबल. पेन्सिल नेस्ताकडे, ती मध्ये. शेजारच्या टेबलाला उत्तर ऐकू जाऊ नये म्हणून लिहिणाऱ्याच्या कानात कुजबुजायचं, हा तिथला रिवाज, आणि सगळं गाव तो पाळतं. एमलिन डाव्या कानाशी, ग्लिन उजव्या. ग्लिनचा आवाज असा की तो कुजबुजला तरी टेबल थरथरतं, म्हणून तो हाताची पन्हळ करून तिच्या कानाला लावायचा. तिचा कान लाल व्हायचा. ती हसायची, पेन्सिल थांबायची, आणि मग ती लिहायची ते कधी कधी ग्लिनचंच उत्तर असायचं. एकदा एमलिन घरी जाताना म्हणाला होता, “मी कानाशी बोललो ते तुला ऐकू आलं होतं ना?” ती म्हणाली होती, “आलं होतं, पण ते चुकीचं होतं, राजा.” ती खरंच बोलत होती. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा कान लाल का होतो, हे त्याला इतकी वर्षं लोकांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवूनही कळलं नव्हतं. ग्लिननं लग्न केलं नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, “दुकान सांभाळू की बायको? दोघांनाही रोज तेल घालावं लागतं.” लोक हसायचे, नेस्ताही हसायची. एमलिन पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर ग्लिनची पांढरी, आडदांड हनुवटी होती. त्याच्या मनात आलं की याच्याकडे तिची आणखी किती वाक्यं असतील. ध्रुवावरच्या अस्वलाची कातडी काळी असते, हे? केळं खरं तर बेरी आहे, हे? शनीला पाण्यावर ठेवता आलं तर तो तरंगेल, आणि मग तिचं ते, “एवढा मोठा असून किती हलका, नाही?” ही सगळी तिनं रविवारी संध्याकाळी त्याला आणून दिली होती, एकेक, आणि तो समजत होता की आपल्या घरातलं हे कपाट फक्त आपण उघडतो.

त्याला आपला राग ओळखीचा वाटला नाही. मेलेल्या माणसावर संशय घेताना माणसाला बसायला जागा सापडत नाही. जिवंत बायकोला विचारता येतं, भांडता येतं, ती कपाळाला आठी घालून ‘वेडा आहेस का’ म्हणते आणि तेवढ्यानं भागतं. इथं नेस्ता काहीच म्हणत नव्हती. ती फक्त त्या रिकाम्या खोलीत, उजवीकडे कान करून बसली होती.

तेवढ्यात दार उघडून बेथन आली. ही स्टुडिओतली धावपळ करणारी मुलगी, गळ्यात घड्याळ, कानात यंत्र. “मिस्टर प्रॉसर, उठून बसा, तुमचा नंबर लागतोय असं दिसतंय.”

“म्हणजे?”

“मिस्टर हॅरी दुसराही भाग जिंकले. आणि बाहेर येताच नाकातून रक्त. थांबतंय आता, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही. पण शर्ट गेला.”

“त्यानं दुसरे आणले असतील.”

“दोनच आणले होते, आणि पहिला आधीच्या भागात दिसून गेलाय. म्हणाले, पहिल्याच भागात घरी जाईन म्हणून हा दुसराही उगाच आणला. आमच्याकडे आहेत त्यातला एकही त्यांच्या खांद्यांना बसत नाही, एकाची शिवण उसवली.” तिनं खुंटीकडे बघितलं. तिथं एमलिनचा निळा शर्ट टांगलेला होता, इस्त्री केलेला. “तो बसेल असं कपडेवाल्या बाई म्हणतात. तुम्ही दोघं सारखेच रुंद आहात. लोक बसलेत बाहेर, आम्हाला थांबता येत नाही. तुम्ही शर्ट दिला तर ते जातील. नाही दिला तर तुम्ही जाल, मधल्या खुर्चीवर. मी तुम्हाला काही सांगत नाही. साहेब म्हणाले, त्यांच्या वस्तूचं त्यांना विचारा.”

ती दारात उभी राहिली. एमलिननं शर्ट खुंटीवरून काढला. तो त्यानं कधी घातला नव्हता. नेस्तानं शेवटच्या वर्षी आणला होता. तोवर त्याची निवडही झाली नव्हती. “होईल,” ती म्हणाली होती, “आणि तेव्हा तू तो तपकिरी घालशील म्हणून आत्ताच आणला.” उजव्या बाहीचं बटण सैल निघालं होतं. घरात निळा दोरा नव्हता, तिनं हिरव्यानं शिवलं. कॅमेऱ्यात दिसणार नाही, असं म्हणाली. ते हिरवं टिंब त्यानं अंगठ्याखाली धरलं. त्याच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली. त्या खुर्चीसाठी तो किती रविवार घरी बसला होता. पहिलं मूल जन्मताच गेलं त्या वर्षी तो नेस्ताला म्हणाला होता की तुला जायचं तर चॅपलला जा, पण तिथलं काही या घरात आणू नकोस. ती जात राहिली, तो टीव्हीसमोर बसत राहिला, राजधान्या आणि नद्या आणि राजांची नावं मोठ्यानं म्हणत, रिकाम्या घरात. आता ती खुर्ची दोन दारांपलीकडे होती. फक्त शर्ट मुठीत घट्ट धरायचा होता.

“मला त्याच्याशी बोलू दे,” तो म्हणाला.

ग्लिन रंगरंगोटीच्या खोलीत, बनियनवर, आरशासमोर बसला होता. डोकं मागे टाकून छताकडे बघत होता.

“डोकं खाली घाल, गाढवा. मागे नाही. नाक चिमटीत धर.”

“आलास?” ग्लिन नाकात बोलला. “डोक्यातली उत्तरं संपली, म्हणून आता रक्त यायला लागलं.” त्यानं डोकं खाली घातलं. “तू जा, एमलिन. मला पुरे झालं. मी जिंकेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी दाढी तरी नीट केली असती.”

ग्लिन हे मनापासून बोलत होता, आणि त्यामुळे एमलिनला ते जास्त लागलं. सगळ्या गोष्टी याला अशाच, न मागता, मिळतात. एमलिन त्याच्या समोर उभा राहिला. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, पावडर लावलेलं, लग्नातल्या केकसारखं.

“ते वाक्य तुला कुणी सांगितलं?”

“कुठलं?”

“टेकते फक्त घरासाठी.”

ग्लिननं वर बघायचा प्रयत्न केला, एमलिननं त्याचं डोकं हातानं खाली दाबलं. जरा जोरातच. त्या जाड मानेखाली नाडी उडत होती.

“अरे, ते पॅरींचं,” ग्लिन खालीच बोलला. “प्रवचनातलं. तुला कसं माहीत असणार, तू येत नव्हतास. चॅपलच्या कौलांखाली पाकोळ्या घरटी करतात, खाली घाण पडते, म्हणून आम्ही ती भोकं बुजवायची ठरवली होती. सिमेंट माझ्याच दुकानातून जाणार होतं, पोतं काढूनही ठेवलं होतं. त्या रविवारी पॅरी उभे राहिले. आधी साधं बोलत होते, पक्ष्याबद्दल, शाळेत सांगतात तसं. मग त्यांना सूर लागला. ‘ती टेकते फक्त घरासाठी’, हे त्यांनी पाच-सहा वेळा म्हटलं असेल, दर वेळी एक पायरी वर, शेवटी ते बोलणं राहिलंच नाही. अरे, माझ्या अंगावर काटा आला. मी खालून दुसरा सूर धरणार होतो, कसाबसा गप्प बसलो. ‘आणि तुम्ही,’ म्हणाले, ‘देवाच्या घराची दारं सिमेंटनं लिंपता?’ ते पोतं अजून माझ्या मागच्या खोलीत आहे. दगड झालाय त्याचा.”

“नेस्ता होती?”

“माझ्या पुढच्या बाकावर. तिथंच बसायची ना ती. तिची टोपी हलत होती. मला वाटलं हसतेय. बाहेर आल्यावर बघितलं तर डोळे लाल.” ग्लिननं नाक दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं. “मला म्हणाली, हे एमलिनला सांगायचंय, पण देव काढून सांगावं लागेल.”

आरशाभोवतीचे दिवे गुणगुणत होते. एमलिनचा हात अजून ग्लिनच्या मानेवर होता, आणि तो कुणी ठेवला होता हे त्याला क्षणभर आठवेना.

“दर रविवारी असंच करायची,” ग्लिन म्हणाला. “दारातून बाहेर पडताना ओठ हलत असायचे. मी एकदा विचारलं, प्रार्थना का गं? तर म्हणाली, पाठ करतेय. घरी जाईपर्यंत सांडायला नको.”

आधीच्या संशयात निदान एक ऊब होती, कारण त्यात नेस्ता कुणाला तरी काहीतरी देत होती. आता तर असं दिसत होतं की शनी आणि अस्वल आणि पाकोळी, सगळं चॅपलच्या त्या उंच लाकडी व्यासपीठावरून आलं होतं, गात गात, भरलेल्या सभेत, आणि ती त्यातला देव बाजूला काढून, मासा साफ करावा तसा काटा न काटा काढून, त्याच्या ताटात वाढत होती. तो ते चवीनं खात होता आणि म्हणत होता, माझी बायको किती हुशार. त्याला हसू आलं असतं. पण ग्लिननं तिची टोपी हलताना बघितली होती. ग्लिननं बघितली होती, त्यानं नाही. आधीचा मत्सर निघून गेला होता, आणि त्याच्या जागी हा नवा, खराखुरा मत्सर येऊन बसला होता. यावर काही उपाय दिसत नव्हता.

“हात वर कर,” तो म्हणाला.

“कशाला?”

“शर्ट घाल. लोक खोळंबलेत.”

“एमलिन, ऐक…”

“तिथं जाऊन मी काय करू? तिनं आणलेली सगळी उत्तरं तुला आधीच माहीत आहेत.” ते कडवट बोलायचं होतं. पण तसं निघालं नाही. ग्लिनला मान वर करता येत नव्हती म्हणून एमलिननंच त्याला शर्ट चढवला, खालून वर एकेक बटण लावलं, आणि शेवटी उजव्या बाहीचं. “हे बटण ओढू नकोस,” तो म्हणाला. “कच्चं आहे.”

मागच्या खोलीत बेथननं त्याच्या कॉलरचा माइक काढून घेतला. तिसऱ्या भागात ग्लिन हरला. डोळ्याचा कुठला भाग रक्तावाचून जगतो आणि प्राणवायू थेट हवेतून घेतो, असं विचारलं होतं. ग्लिन बराच वेळ बाहीच्या बटणाकडे बघत राहिला आणि चुकीचं बोलला. एमलिन पडद्याला उद्देशून म्हणाला, “पारपटल.” डोळ्यावरच्या त्या पारदर्शक पडद्यातूनच आयुष्यभर त्यानं लोकांच्या आत बघितलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडी त्यानंच चालवली, ग्लिन शेजारी नाकाला रुमाल लावून झोपला, आणि झोपेत त्याच्या छातीवर तो निळा शर्ट वरखाली होत राहिला.

मे महिन्यात तो पाकोळीचा भाग लागायचा होता. गावानं रग्बी क्लबमध्ये मोठा पडदा लावला. लहान-थोर सगळे तिकडे गेले. चॅपलमध्ये मिस्टर पॅरी, बाजा वाजवणाऱ्या बाई, मी आणि ग्लिन, एवढेच होतो. ग्लिन म्हणत होता की तिकडे जाऊन स्वतःलाच काय बघू, आणि ते तोंड आरशात फुकट दिसतं. पहिलं गाणं उरकलं तेव्हा दार वाजलं. एमलिन आत आला, तपकिरी कोटात, टोपी हातात. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाकडे वळून बघायचं नाही, एवढी रीत आम्ही पाळली. तो सरळ ग्लिनच्या बाकापाशी गेला.

“ऊठ,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला तिथं बसायचंय.”

“पुढचा बाक रिकामा आहे की. तिचा.”

“तिचा नको. तुझी जागा हवी.”

ग्लिन बाजूला सरकला. एमलिन त्या जागेवर बसला. तिथून समोर काय दिसतं ते मला माहीत आहे, कारण मी पुढे एकदा बसून पाहिलं. बाकाची पाठ, घासून मऊ झालेली, तिच्यावर खिडकीतून येणारा उजेड, आणि त्या उजेडाला एका टोपीएवढी जागा. मिस्टर पॅरींनी सुरुवात केली. ते म्हातारे झालेत, सुरुवातीला शब्द शोधावे लागतात. त्या संध्याकाळी ते मिठाबद्दल बोलत होते, की मीठ विरघळलं की दिसत नाही, आणि दिसत नाही तेव्हाच ते सगळ्या भांड्यात असतं, आणि देवाचंही तसंच. हे त्यांनी एकदा म्हटलं, मग पुन्हा, आणि मग तो सूर लागला. मी आयुष्यात खूप ऐकलंय, पण चार माणसांसाठी कुणी एवढा आवाज खर्च केलेला पाहिला नव्हता. वरती, कौलांखाली, पाकोळ्या आत-बाहेर करत किंचाळत होत्या. ग्लिननं खर्जात एक सूर धरला. या वेळी तो गप्प बसला नाही. एमलिन समोरच्या रिकाम्या पाठीकडे बघत होता. मला वाटलं तो हसतोय, खांदे हलत होते.

बाहेर पडताना त्याचे ओठ हलत होते. ग्लिननं विचारलं, “काय पुटपुटतोयस?”

“काही नाही. पाठ करतोय.”

“कुणाला सांगणारेस?”

एमलिन दारात थांबला. मला नंतर म्हणाला, की त्या क्षणी मी त्या मिठाच्या वाक्यातून देव काढून पाहिला, ती काढायची तसा. वाक्य बसेना. मला तिच्याएवढं येत नाही. मग राहू दिला. त्या संध्याकाळी तो ग्लिनला एवढंच म्हणाला, “चल, चहाला ये घरी. कुणीतरी ऐकायला हवं.” आणि दोघं उतारानं खाली गेले. क्लबमधून मोठ्यानं टाळ्या ऐकू आल्या, पाकोळीच्या उत्तराला असणार. दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी माझं एक ऐका. कधी एखादं चांगलं प्रवचन ऐकाल, आणि घरी कुणी दार लावून बसलेलं असेल, तर वाटेत ते ओठांत घोळवत जाल, सांडू न देता. तेव्हा नेस्ता प्रॉसरची क्षणभर आठवण काढा.